स्टेशन गावाबाहेर माळावर का? मनमाड–नांदेड मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनाचा इतिहास कसा वाचायचा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी जालन्याहून रोज अप-डाऊन करणारा शिक्षक आहे. शाळेच्या गावाचं स्टेशन गावापासून दोन किलोमीटर लांब, माळावर आहे. मुलांकडून त्याचा इतिहास लिहून घ्यायचाय. स्टेशन एवढं लांब का बांधलं? ते किती जुनं आहे हे कसं ओळखायचं? आणि आमची पॅसेंजर नेमकी तिथंच अर्धा-अर्धा तास का उभी राहते?"

सर, तुम्ही स्टेशनाचं नाव लिहिलेलं नाही. पण दिनागाव, बदनापूर, करमाड, चिकलठाणा, कोणतंही असलं तरी उत्तर बरंचसं सारखंच येईल. मी 1983 साली याच मार्गावर सहायक स्टेशन मास्तर म्हणून लागलो तेव्हा रूळ मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीचे होते. निवृत्त झालो तेव्हा त्याच जागी जास्त रुंदीचं ब्रॉडगेज होतं. आयुष्याची पस्तीस वर्षं अशाच माळावरच्या स्टेशनांत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ही छोटी स्टेशनं आधी प्रवाशांसाठी बांधलीच नव्हती. ती बांधली गाड्यांसाठी: एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणून, आणि काही ठिकाणी इंजिनाला पाणी मिळावं म्हणून. प्रवासी नंतर आले. रोज येत राहिले आणि त्यांनी ते स्टेशन आपलं करून घेतलं. मुलांना इतिहास लिहायला सांगाल तेव्हा हा क्रम त्यांच्या डोक्यात पक्का बसवा, म्हणजे उद्घाटनाच्या तारखेपाशीच गाडी अडकणार नाही.

आधी मार्गाविषयी. हा रस्ता मूळचा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा. सिकंदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारा, सुमारे 391 मैलांचा मीटरगेज मार्ग. तो 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. बांधला आणि चालवला निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीनं. त्याआधी निजामाच्या राज्यात सिकंदराबाद–वाडी हा ब्रॉडगेज मार्ग 1874 पासून होता, पण मराठवाड्याच्या या पट्ट्यात आगगाडी नव्हतीच. वेरूळ पाहायला येणारे साहेब लोक ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नांदगावला उतरत आणि तिथून टांग्यानं येत. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांच्या खापरपणजोबांना रेल्वे पाहायची तर घाट ओलांडून खानदेशच्या बाजूला जावं लागे.

गाडी इथं आली ती साल लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1899–1900 हा आपल्या भागातला अतिशय भीषण दुष्काळ. एकीकडे जनावरं मरत होती, माणसं गाव सोडत होती, आणि त्याच दिवसांत माळावर मातीचा भराव चढत होता. मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर घराण्यातल्या जुन्या आठवणी दुष्काळापाशी आणि रेल्वेपाशी एकत्रच येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे. "दुष्काळात आमचे लोक टेसनावर आले ते इथंच राहिले," हे वाक्य मी वेगवेगळ्या गावांत ऐकलंय.

आता स्टेशन लांब का, ते.

आपली गावं कुठं वसली आहेत ते बघा. ओढ्याकाठी, नदीकाठी, काळ्या मातीच्या कडेला, जिथं विहिरीला पाणी लागतं तिथं. रेल्वेच्या इंजिनियरला यातलं काहीच नको असतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, तिच्यावरचा भराव दरवर्षी बसतो. त्याला हवी असते मुरमाड जमीन. नदीच्या जवळ गेलं की पूल लांब होतात, म्हणून तो शक्यतो दोन ओढ्यांच्या मधल्या उंचवट्यानं जातो. आणि स्टेशनाला तर त्याहून कडक अट आहे. स्टेशनाचं यार्ड जवळजवळ सपाट लागतं. आजच्या नियमानं 400 मीटरला 1 मीटर हा चढाचा कमाल दर आहे, आणि शिफारस 1200 ला 1 ची. नाहीतर उभा केलेला डबा आपोआप घरंगळायला लागतो. सलग सपाट, शक्यतो सरळ आणि मुरमाड असा तुकडा कुठं मिळाला? माळावर. गाव राहिलं ओढ्याकाठी, स्टेशन गेलं माळावर. यात कुणी गावावर राग धरला नव्हता, की कुण्या देशमुखानं विरोध केला म्हणून स्टेशन लांब गेलं असंही प्रत्येक ठिकाणी नसतं. ही कथा जवळजवळ प्रत्येक गावात सांगतात. कुठंतरी ती खरी असेलही, पण लिहिण्याआधी मुलांना घेऊन एकदा जमिनीचा उतार बघा.

अंतराचंही गणित होतं. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. मधलं अंतर जितकं जास्त तितक्या दिवसभरात गाड्या कमी. म्हणून साधारण दहा-बारा किलोमीटरवर, कुठं थोडं कमी कुठं बरंच जास्त, एक क्रॉसिंगची जागा ठेवत गेले. त्या ठिकाणी गाव होतं की नव्हतं हा दुसरा प्रश्न. जे गाव जवळ सापडलं त्याचं नाव दिलं. मोठं गाव आडबाजूला राहिलं तर नावापुढं 'रोड' लागलं. मानवत रोड हे आपल्या मार्गावरचं उत्तम उदाहरण. वैजापूरला जायचं तर उतरायचं रोटेगावला. आणि कुठं उलटं झालं, स्टेशनाभोवतीच वस्ती उभी राहिली, आडतीची दुकानं आली, बाजार भरू लागला. लासूर आणि लासूर स्टेशन ही दोन नावं वेगळी बोलतात ती त्याचमुळे.

कापूस हे या वस्तीचं मोठं कारण. सेलू, परभणी, मानवत, जालना इथं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले ते रेल्वेच्या आधारानं. गाठी मालधक्क्यावर यायच्या, मीटरगेजच्या वाघिणींत भरायच्या आणि मनमाडला जायच्या. मनमाडला मात्र सगळा माल उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत पुन्हा चढवायचा, कारण आपल्या रुळांमधलं अंतर 1000 मिलिमीटर आणि मुंबईकडच्या रुळांमधलं 1676. हे नव्वद वर्षं चाललं. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं दोनदा उचललं गेलं. मराठवाड्यात उद्योग का आला नाही याची अनेक कारणं सांगतात; मला विचाराल तर मनमाडच्या त्या धक्क्यावर तासन् तास उभं राहून पाहिलेलं ते दुहेरी ओझं मी पहिल्या तीन कारणांत धरीन.

मनमाड ही आणखी एका अर्थानं वेस होती. 1948 पर्यंत मार्गाच्या त्या टोकाला ब्रिटिश मुलूख, आणि ब्रिटिश गेल्यावर भारत. या बाजूला निजामाचं राज्य. हद्दीवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. खिशात या बाजूला निजामाचा हाली सिक्का, त्या बाजूला ब्रिटिशांचा कलदार रुपया. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात कार्यकर्त्यांचं सीमेवरचं एक केंद्र मनमाडला होतं ते याच भूगोलामुळे. गाडी होती, आणि गाडीनं हद्द ओलांडली की निजामाच्या पोलिसांचा हात संपत होता. गावात त्या काळातलं कुणी आता उरलं नसेल, पण त्यांच्या मुला-सुनांना विचारा. "आजोबा रात्रीच्या गाडीनं मनमाडला गेले" एवढंसं वाक्यही तुमच्या वहीत यायला हवं.

आता स्टेशनाचं वय कसं ओळखायचं. यात मला खरोखर रस आहे, कारण लोक इमारतीवर चुन्यानं रंगवलेलं साल बघतात आणि परततात.

अक्षरं शोधा. लोखंडी बाक, जुना कंदील, वजनकाटा, तिजोरी, पाण्याच्या टाकीची पाटी, घंटा, खुर्चीची पाठ. 'एन.जी.एस.आर.' असं कोरलेलं दिसलं तर वस्तू 1930 च्या आधीची समजायला हरकत नाही, कारण 1 एप्रिल 1930 ला निजाम सरकारनं कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि तिचं नाव निजाम्स स्टेट रेल्वे झालं. नुसतं 'एन.एस.आर.' असेल तर 1930 ते 1951 च्या मधली. 5 नोव्हेंबर 1951 ला निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हापासून 'सी.आर.'. आणि 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिथून पुढं 'एस.सी.आर.'. नांदेड विभाग तर अगदी अलीकडचा, 1 एप्रिल 2003 चा. या चार शिक्क्यांवरून तुमचे सातवीचे विद्यार्थीसुद्धा एखाद्या बाकाचं वय पंधरा-वीस वर्षांच्या फरकानं सांगू शकतील. एका स्टेशनावर मी एक लोखंडी बाक पाहिला होता. त्याच्यावर रंगाचे इतके थर चढले होते की अक्षरं बोटालाच कळत, डोळ्याला नाही. मी कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली आणि 'एन', 'जी' एकेक करत वर आलं. मुलांना हीच पद्धत द्या, खरवडू देऊ नका.

रुळांचं मात्र सांभाळून. रुळाच्या पोटावर काही काही मीटरवर उठावदार अक्षरांत कारखान्याचं नाव, वर्ष आणि रुळाचा प्रकार असतो. जुने रूळ कुंपणाला, छपराच्या खांबांना, फाटकाला वापरलेले असतात, त्यावरही ते वाचता येतं. पण रूळ एका जागचा काढून दुसऱ्या जागी वापरतात. म्हणून त्यावरचं वर्ष एवढंच सांगतं की हा खांब त्याच्या आधीचा नाही. स्टेशन त्याच वर्षीचं, असं लिहिलं तर चूक होईल.

इमारत दगडी असेल तर भिंतीची जाडी मोजा, कमानी बघा, मागच्या बाजूला जा. पुढच्या बाजूला नूतनीकरण होतं, मागची भिंत बहुधा तशीच राहते. जुन्या फलाटाची कड शोधा. मीटरगेजचा फलाट बुटका होता. आजचा उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर उंच असतो आणि तो जुन्याच्या डोक्यावर किंवा शेजारी बांधलेला असतो. दोन थर नीट दिसले तर फोटो काढा, तो फोटो दोन राज्यकर्त्यांचा आणि दोन गेजांचा आहे. आणि एखादी मोठी, बांधीव, आता वापरात नसलेली विहीर दिसली तर विचारा, इंजिनासाठी पाणी इथूनच चढवत होते का. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असायची. तुमच्या स्टेशनावर पाण्याची टाकी होती की नव्हती यावरून ते नुसतं क्रॉसिंगचं होतं की त्याहून मोठं, ते ठरेल. पूर्णा तर इंजिनांच्या शेडवरच उभं राहिलेलं गाव आहे. 1912 मध्ये पूर्णा–हिंगोली फाटा सुरू झाला आणि पूर्णेला जंक्शनचं महत्त्व आलं. तुमच्या मुलांची एक सहल तिकडे नेलीत तर मीटरगेजच्या काळातलं रेल्वेगाव कसं होतं ते त्यांना चालत बघता येईल.

कागदांचं सांगतो. स्टेशनावर 'स्टेशन वर्किंग रूल्स' नावाची वही असते. त्यात त्या स्टेशनाचा नकाशा, लूप लाइनची (गाडी बाजूला घेऊन उभी करायच्या जादा रुळाची) लांबी, सिग्नलची व्यवस्था सगळं असतं. ती बाहेर देता येत नाही, पण मास्तर चांगले असतील तर समजावून सांगतात. 1884 साली छापलेलं औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर मिळवा. त्यात आपल्या मार्गाचा पत्ता नाही, आणि म्हणूनच ते मोलाचं: रेल्वेच्या आधीचे रस्ते आणि बाजार कुठं होते ते त्यात दिसतं. निजाम सरकारची दफ्तरं हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत, त्यातला मोठा भाग फारसी-उर्दूत. गावात उर्दू वाचणारे कुणी असतील तर त्यांना या कामात आधीच जोडून घ्या. आणि तलाठ्याकडचा गावनकाशा विसरू नका. कुणाच्या किती जमिनीतून रूळ गेला, ती आकृती तिथं स्पष्ट असते. शेताचा अर्धा तुकडा रुळाच्या अलीकडं आणि अर्धा पलीकडं राहिलेली घरं आजही सापडतात.

जुन्या नोंदवह्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. गेज बदललं त्या वेळी एका स्टेशनावर मी स्वतः पाहिलं, कापडात बांधलेली जुनी दफ्तरं खोलीबाहेर काढून भंगाराबरोबर वजनावर गेली. त्यात गाड्यांची नोंदवही होती, पार्सलची होती, तपासणीची होती. मी दोन वह्या मागितल्या, मिळाल्या नाहीत. नियमानं तसंच होतं, मुदत संपलेलं दफ्तर ठेवत नाहीत. पण त्या वह्यांत 1950 च्या दशकात आपल्या भागातून कोणत्या महिन्यात किती कापूस, किती गुरं, किती माणसं गेली ते रोजच्या रोज लिहिलेलं होतं. आता ते माणसांच्या डोक्यात जेवढं उरलंय तेवढंच.

म्हणून माणसं गाठा. निवृत्त गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (सांधे बदलणारे), हमाल, चहावाले, आणि फाटकवाल्यांची कुटुंबं. त्यांना विचारायचा पहिला प्रश्न "स्टेशन कधी बांधलं" हा नको. त्यांना विचारा, "गाडी येतेय हे तुम्हाला कसं कळायचं?"

त्याचं उत्तर मी माझ्यापुरतं देतो. मीटरगेजच्या वेळी आमच्याकडे नील्स टोकनचं यंत्र होतं. पुढच्या स्टेशनाशी बोलायचं ते घंटीच्या ठोक्यांनी. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे लाइन क्लियर, म्हणजे मार्ग मोकळा आहे का. तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या मार्गावर शिरली. चार म्हणजे गाडी बाहेर पडली. लाइन क्लियर मिळाली की यंत्रातून एक धातूचा गोळा बाहेर यायचा, त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. तो गोळा म्हणजे ड्रायव्हरचा परवाना. तो हातात असल्याशिवाय गाडी पुढं जाणार नाही, आणि तो यंत्रात परत पडल्याशिवाय दुसरा निघणार नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. न थांबणारी गाडी असली की रात्री पॉइंट्समन फलाटाच्या कडेला एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात ते कडं उंच धरून उभा राहायचा. इंजिन अंगावर येतं, फायरमन बाहेर वाकलेला असतो, आधी मागच्या सेक्शनचं कडं तो खाली फेकतो आणि पुढच्याच क्षणी हात घालून हे कडं उचलतो. झालं की पॉइंट्समन अंधारात कंदील घेऊन फेकलेलं कडं शोधायला जायचा. ते सापडून, गोळ्यावरचं नाव वाचून, यंत्रात टाकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आमचे एक पॉइंट्समन उजव्या दंडावर कायम काळा-निळा डाग वागवत. त्या कड्याचा होता तो.

फलाटावर रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. त्यावर ठोके पडले की आसपासच्या शेतातल्या बाया डोक्यावरचं गवत खाली ठेवून स्टेशनाकडं निघायच्या. घड्याळ कुणाकडं होतं? गावाचं घड्याळ तो रुळाचा तुकडा होता.

इथून तुमचा तिसरा प्रश्न, पॅसेंजर का उभी राहते. कारण एकेरी मार्ग आजही तुमच्या भागात एकेरीच आहे. परभणी–मुदखेड दुहेरी झालं. मनमाडकडच्या अंकाई ते संभाजीनगर टप्प्याला मंजुरी मिळाली, आणि 2025 मध्ये संभाजीनगर–परभणी या सुमारे 177 किलोमीटरच्या टप्प्यालाही. तो रूळ प्रत्यक्ष पडेपर्यंत समोरून एक्स्प्रेस निघाली की तुमच्या गाडीला लूपमध्ये जावंच लागतं. समजा, तुमची गाडी एका बाजूनं स्टेशनात आली आणि समोरची एक्स्प्रेस पुढच्या स्टेशनाहून नुकतीच सुटली. एक्स्प्रेस येईपर्यंत पंधरा मिनिटं. ती गेल्यावर सेक्शन मोकळा झाला हे कळायचं, सिग्नल द्यायचा, तुमची गाडी हलायची. मागून आणखी एक एक्स्प्रेस येत असेल तर तिलाही आधी सोडतात. अर्धा तास असाच होतो. मास्तरावर ओरडून उपयोग नाही, क्रॉसिंग कुठं करायचं ते सगळ्या मार्गावरच्या गाड्या बघणारं कंट्रोल ऑफिस ठरवतं. मी शिव्या खाल्ल्या आहेत, पण ओरडणाऱ्याचीही चूक नव्हती. त्याची हजेरी सव्वादहाला लागायची होती.

आणि इथंच तुमच्या स्टेशनाचा खरा इतिहास सुरू होतो, अप-डाऊनवाल्यांचा. बघा, हा शब्दच रेल्वेचा. एका दिशेची गाडी अप, दुसऱ्या दिशेची डाऊन. पण आपल्याकडे माणूस एसटीनं गेला तरी "अप-डाऊन करतो" म्हणतो. रेल्वेनं मराठवाड्याच्या बोलीला दिलेला हा शब्द आहे आणि माझ्या मते त्यात रोजचं सगळं दुखणं आलं.

हे लोक कधीपासून? 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, मुलं जाऊ-येऊ लागली. पुढं चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत आली, कामगार आले. 1981 साली दोन गोष्टी घडल्या. 1 मे ला जालना जिल्हा वेगळा झाला आणि 27 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ सुरू झालं. जिल्हा झाल्यामुळे राहायला औरंगाबादला आणि नोकरीला जालन्याला असे कर्मचारी वाढले. खंडपीठामुळे नांदेड-परभणीचे पक्षकार आणि वकील उलट दिशेनं येऊ लागले. पुढं धर्माबाद–मनमाड मराठवाडा एक्स्प्रेस धावू लागली, तिला लोक हायकोर्ट एक्स्प्रेस म्हणत आले ते यामुळे. म्हणजे मुंबईसारखी सकाळी सगळी गर्दी एकाच बाजूला, असं आपल्याकडे नव्हतं. दोन्ही बाजूंनी माणसं जातात. सकाळी फलाटावर उभं राहून मुलांना मोजायला लावा, किती जण जालन्याकडं चढले, किती संभाजीनगरकडं. हे आकडे कुठंही छापलेले मिळणार नाहीत.

पण नियमाच्या भाषेत हा मार्ग उपनगरी नाही. उपनगरी दर्जा मुंबई, कोलकाता, चेन्नईसारख्या शहरांभोवतीच्या ठरावीक मार्गांना आहे. आपल्याला मिळतो तो साधा मासिक पास, 150 किलोमीटरच्या मर्यादेतला. लोकल मिळत नाही. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या आणि पॅसेंजर यांच्या वेळांवर माणसांनी आपलं आयुष्य बसवलं. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या भाड्यानं धावल्या, दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं, ते 2024 च्या फेब्रुवारीत पुन्हा खाली आलं. तोपर्यंत कितीतरी जणांनी मोटारसायकली घेतल्या होत्या.

संभाजीनगर शहराच्या पूर्वेला मुकुंदवाडीचा थांबा आहे. सिडकोची वस्ती शेजारी वाढली तसं त्याचं महत्त्व वाढलं. अशा हॉल्टला लूप नसतं, क्रॉसिंग होत नाही, गाडी थांबते तेवढा वेळ औरंगाबाद–चिकलठाणा सेक्शन अडलेला असतो. म्हणून तिथं थांबा वाढवायची मागणी आली की आमचे लोक कां-कूं करत. पण 2019 च्या दुष्काळात तिथल्या वस्तीतली लहान मुलं कळश्या-कॅन घेऊन गाडीनं औरंगाबाद स्टेशनला जात आणि पाणी भरून परतत, सगळी मिळून साधारण चौदा किलोमीटरची फेरी. ती मुलं पाहिल्यावर थांब्याचं मिनिट मोजायची माझी सवय मोडली.

करमाडविषयी लिहिलं नाही तर हे उत्तर अपुरं राहील. 8 मे 2020, पहाटे. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे वीस मजूर भुसावळला श्रमिक गाडी मिळेल या आशेनं रुळावरून चालत निघाले होते. थकून बदनापूर–करमाडच्या दरम्यान रुळावरच झोपले. मालगाडी आली. सोळा जण गेले. गाड्या बंद आहेत असं समजून ते झोपले, पण मालगाड्या बंद नव्हत्या. रुळावर पडलेल्या भाकरी सगळ्या देशानं पाहिल्या. तुमच्या मुलांच्या वहीत या सोळा जणांसाठी एक पान असू द्या. ते या मार्गाच्या इतिहासात आहेत.

गेजबदलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एक परिच्छेद त्यासाठी ठेवा. ते आपोआप झालं नाही. मराठवाडा जनता विकास परिषद आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं ही मागणी लावून धरली, तेव्हा नव्वदच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज पुढं सरकत आलं. गेज बदलताना यार्डं लांबली, कारण पूर्ण लांबीच्या मालगाडीला पाऊण किलोमीटरच्या आसपास लूप लागतं. त्यात काही जुनी बांधकामं गेली. लातूरला तर स्टेशनच हललं. बार्शी लाइट रेल्वेची 1911 साली आलेली 762 मिलिमीटरची नॅरोगेज शहराच्या मधोमध येत होती, ब्रॉडगेजचं स्टेशन बाहेर गेलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती या ब्रॉडगेजवरूनच.

स्टेशन नव्यानं जन्माला येताना बघायचं असेल तर बीडकडं जा. 1995 साली मंजूर झालेल्या नगर–बीड–परळी मार्गावरची गाडी 17 सप्टेंबर 2025 ला बीडला पोचली. आष्टी, कडा, त्या रांगेतली स्टेशनं बघा. मुलांना विचारा, ती गावात आहेत का, गावाबाहेर? आणि तिथली जमीन कसली आहे?

शेवटी कामाचं. स्टेशनावर नेण्याआधी मास्तरांना भेटून लेखी परवानगी घ्या, फोटो काढणार असाल तर तेही त्यात लिहा. मुलांचे दोन गट करा, एक बाकांवरच्या अक्षरांसाठी, एक माणसांशी बोलण्यासाठी. सकाळची गर्दीची वेळ नको, अकरानंतर जा, तेव्हा मास्तरला बोलायला सवड असते. फलाटाची कड सोडून रुळाकडं एकही मूल जाणार नाही हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा. आता इंजिनं विजेची झाली आहेत, गाडीचा आवाज फार उशिरा येतो. बाकावरचा पेन्सिलीचा कागद मिळाला की मला अक्षरं कळवा.